एकूण निष्कर्ष : अकरा

मंगळवार, १८ फेब्रुवारी. काम : गर्जे सरांचा गोषवारा वाचून सही करणे. वेळ : पंधरा मिनिटं. असं मी सकाळी डायरीत लिहिलं होतं.

पाकिटातून एकच कागद निघाला. त्यावर पट्टीने आखावा तसा नीटनेटका तक्ता. अनुक्रमांक, प्रकरणाचे नाव, पाने, तक्ते, तळटिपा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘पूर्ण’. तळाला जाड रेघ आणि तिच्याखाली बेरजा. एकूण प्रकरणे सात. एकूण पाने तीनशे बारा. एकूण गावे नऊ. एकूण निष्कर्ष अकरा. डाव्या कोपऱ्यात ‘तयार करणार’ आणि त्यांची सही. उजव्या कोपऱ्यात ‘तपासणार’ आणि माझं नाव. सहीपुरती जागा मोकळी.

मी फोन लावला.

“सर, हे काय पाठवलंय?”

“गोषवारा, मॅडम. जुळतोय ना? पानं दोनदा मोजलीत.”

“जुळतोय. पण निष्कर्ष कुठं आहेत?”

“शेवटची बेरीज बघा. अकरा.”

“अकरा काय?”

“निष्कर्ष.”

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि पीएच.डी. करणाऱ्यांना मार्गदर्शन करते. लोक याला ‘गाईड’ म्हणतात. दुकानात मिळतं ते गाईड उत्तरं देतं, मी फक्त प्रश्न विचारते, त्यामुळे माझा खप कमी आहे. गर्जे सर पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वय सत्तेचाळीस. शाळा सांभाळून सहा वर्षं त्यांनी प्रबंध लिहिला. विषय : ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची भाषा. प्रबंध झाला होता. पण तो विद्यापीठात देण्याआधी एक समिती उमेदवाराला समोर बसवून काम पारखते. तिला बोलीत ‘प्री-सबमिशन’ म्हणतात. समिती शुक्रवारी बसणार होती. तिच्यासाठी दोन पानी गोषवारा बुधवारी पाचच्या आत पोर्टलवर चढवायचा होता. आणि सरांच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. गोषवारा अडला तर समिती अडणार. समिती अडली तर मुदत संपणार. मग नवा अर्ज, नवी प्रवेशपरीक्षा, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

इतकं सगळं त्या दोन पानांवर टांगलेलं, आणि माझ्या हातात बेरजा.

सरांची चूक आहे असं मला म्हणता येईना. झेडपीच्या शाळेत दर महिन्याला गोषवारा करावा लागतो. पट किती, हजर किती, मुलं किती, मुली किती, खाली एकूण. तलाठ्याकडेही गोषवारा म्हणजे बेरजाच. विद्यापीठाने मात्र ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ला मराठी शब्द हवा म्हणून हाच शब्द उचलला, आणि परिपत्रकात लिहिलं : ‘प्रबंधाचा गोषवारा सादर करावा.’ ज्या माणसाने पंचवीस वर्षं गोषवारे सादर केले, त्याने आणखी एक केला. बिनचूक केला.

“सर, बेरजा नकोत,” मी म्हटलं. “प्रबंधात काय आहे ते सांगा. सगळं, पण थोडक्यात. ज्याला तीनशे पानं वाचायला वेळ नाही, त्याला दोन पानांत कळलं पाहिजे.”

“असं होय! मग सोपंय. आज रात्रीत पाठवतो.”

बुधवारी सकाळी साडेसातला मी मेल उघडला. नऊ पानं. पहिलं वाक्य : ‘महाराष्ट्र ही संतांची आणि शूरांची भूमी आहे.’ दुसऱ्या पानावर भाषेची व्याख्या. तिसऱ्या पानावर आणखी चार व्याख्या, पहिलीवर समाधान न झाल्यासारख्या. पाचव्या पानावर ऊस आला. ‘प्रस्तुत’ हा शब्द मी मोजायला घेतला आणि तिसाव्याला सोडला. शेवटचं वाक्य असं होतं : ‘प्रस्तुत संशोधनातून हाती आलेले निष्कर्ष अत्यंत धक्कादायक असून ते जाणून घेण्यासाठी संपूर्ण प्रबंध वाचणे आवश्यक आहे.’

इथे वाचकांसाठी दोन ओळी. सिनेमा पाहून आलेल्या माणसाने शेवट सांगू नये. गोषवारा लिहिणाऱ्याने मात्र आधी शेवट सांगायचा असतो. काय सापडलं, कसं सापडलं, किती खात्रीने सापडलं आणि आता काय करावं. समितीतला माणूस उत्कंठेने खुर्चीच्या टोकावर बसत नाही. तो घड्याळाकडे बघत असतो.

अकरा वाजता गर्जे सर सहीसाठी स्वतःच हजर झाले. किरकोळ रजा टाकून, पहाटेच्या गाडीने नगर, तिथून दुसरी गाडी. खांद्यावर खताची रिकामी गोणी, म्हणजे आता भरलेली. त्यांनी ती जपून टेबलावर ठेवली आणि आतून पाच प्रबंध काढले. काळं कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं.

“सर, बाइंडिंग कशाला केलं? अजून समिती व्हायचीये. बदल सुचवतात.”

“नगरला स्कीम होती मॅडम. पाचावर एक फोल्डर फुकट.”

मी फोल्डर बाजूला ठेवलं. “बसा. आता मला तोंडी सांगा, काय सापडलं?”

“प्रस्तुत संशोधनात स्थलांतरित ऊसतोड मजुरांच्या पाल्यांच्या भाषिक वर्तनाचा—”

“सर.”

“हां?”

“असं नका सांगू. साधं सांगा.”

त्यांनी प्रयत्न केला. खरंच केला. पण समोर गाईड बसलेली, टेबलावर सोनेरी अक्षरं. माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि तोंडातून परिपत्रक बाहेर यायचं. बारा वाजले. मला पुढचं लेक्चर होतं. ते मी सोडलं, मुलांनी आनंदाने मान्य केलं.

“घरी माहितीये का तुम्ही सहा वर्षं काय करताय ते?” मी सहज विचारलं.

“मंडळींना? ती म्हणते, कागद वाढवताय.”

“काय करतात त्या?”

“अंगणवाडी सेविका आहे. आमच्याच गावात.”

“लावा फोन. स्पीकरवर. त्यांना सांगा प्रबंधात काय आहे.”

“मॅडम, तिला काय कळणार त्यातलं?”

“तेच बघू. लावा.”

त्यांनी नाइलाजाने लावला. पलीकडे पोरांचा गलका.

“हां, बोला. लवकर. वजनं चाललीत.”

“मंगल, मी मॅडमपुढं बसलोय. माझ्या संशोधनात काय हाय ते तुला सांगायचंय.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“सहा वर्सं न्हाई सांगितलं आन आत्ता व्हय? बरं, दोन मिन्टं. ए, काट्यावरनं उतरू नगं! बोला.”

सरांनी घसा साफ केला. “प्रस्तुत संशोधनात—”

“कोन प्रस्तूत?”

“म्हणजे हे. हे संशोधन.”

“मंग ह्ये म्हना की.”

“ह्या संशोधनात स्थलांतरित मजुरांच्या पाल्यांच्या—”

“गुरुजी, भाषन नगं. काय घावलं ते सांगा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मग ते फोनवर वाकून बोलायला लागले, आणि आवाज एकदम घरचा झाला.

“ही पोरं टोळीवरनं परत आली की आपन मास्तर लोक म्हनतो, ह्यांना बोलता येत न्हाई. भाषा कच्ची हाय. तर तसं न्हाई. त्यांना लई येतं. आपल्यालाच इचारता येत न्हाई.”

“कशावरनं?”

“ती पारू आठवती का, वस्तीवरली? पैलीत आलती. तिला मी इचारलं, घरी कोन कोन असतं? ती म्हनली, एक कोयता, आजी आन मी. मी वहीत लिव्हलं, प्रश्न समजला नाही.”

पलीकडे गलका चालूच होता.

“आगं बया! कोयता म्हंजी आई-बाप की. टोळीत जोडप्याला कोयताच म्हनत्यात. ह्ये तुमाला ठावं न्हवतं?”

“ठावं हुतं. पन शाळंच्या खुर्चीत बसल्यावर आठवलं न्हाई.”

वाचकांना सांगते : ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. एक जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. मुलीने उत्तर अगदी बरोबर दिलं होतं. मी पेन उचललं आणि एक कोरा कागद घेतला. सरांच्या बोलण्यापेक्षा बाईंचे प्रश्न लिहून घ्यायला लागले.

“आसं कुठं कुठं इचारलं तुमी?” त्या विचारत होत्या.

“नऊ गावात. शाळा भरल्यावर, जून-जुलैत.”

“शाळंत बसून?”

“शाळंतच.”

“मंग जी पोरं गावात आली पन शाळंत आलीच न्हाईत, त्यांना कवा इचारलं?”

सरांनी खिशातून रुमाल काढला.

“त्यांना न्हाई इचारलं,” ते म्हणाले.

“मंग समद्या पोरांचं कसं सांगता? शाळंत आलेल्या पोरांचं म्हना.”

“व्हय.”

“आन आता करायचं काय म्हनता?”

“पैल्या म्हैन्यात मास्तरानं धडा उघडायचाच न्हाई. पोरांचे शब्द गोळा करायचे, फळ्यावर लिव्हायचे. मग धडा.”

“ह्ये बरंय. आमच्या पोरांना बी चालंल. आता ठिवते. आमाला वजनाच्या तक्त्यात आख्खं पोरगं हिरवं, पिवळं न्हाई तर लाल अशा तीन रंगात बसवावं लागतं, आन तुमाला दोन पानं पुरंनात!”

फोन बंद झाला. गर्जे सर रुमालाने मान पुसत होते.

“सर,” मी म्हटलं, “ही पारूची गोष्ट प्रबंधात कुठं आहे?”

“आहे ना. पान एकशे शहाऐंशी. तळटीप चार.”

तीनशे बारा पानांचा प्रबंध ज्या एका वाक्यातून उगवला, ते वाक्य त्यांनी तळटिपेत ठेवलं होतं. का, म्हणून विचारलं. म्हणाले, “चूक माझीच होती ना मॅडम. वर कशी लिहायची?”

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. “हे मंगलताईंचे प्रश्न. आत्ता फोनवर जी उत्तरं दिलीत, तीच लिहा. प्रमाण भाषेत लिहा, पण तीच. पारू पहिल्या परिच्छेदात. तळटीप वर येऊ दे.”

दोन तासांत दीड पान झालं. ‘प्रस्तुत’ एकदाही नाही. मी वाचलं आणि एका जागी थांबले. शाळेत न आलेल्या मुलांचं त्यांनी लिहिलं नव्हतं.

“ते नाही घेतलं, मॅडम.” सरांनी पाचही सोनेरी प्रबंधांवर हात ठेवला. “प्रबंधातच नाहीये ना ते. तुम्हीच सांगता, प्रबंधात नाही ते गोषवाऱ्यात घालायचं नाही.”

नियम बरोबर होता. मीच शिकवलेला. गोषवारा म्हणजे प्रबंधाची सावली, सावलीला जास्तीचा हात फुटत नाही. पण मग एक तर सावली अपुरी ठेवायची, नाही तर मूळ दुरुस्त करायचं.

नेमके तेव्हाच आमचे प्राचार्य आत आले. संशोधन केंद्राचा निकाल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वर्षातून दोन प्रबंध बाहेर पडले की केंद्र टिकतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, समितीला कळलंय का हे?”

“नाही.”

“मग स्वतःच्या पायावर धोंडा कशाला? बाइंडिंग झालंय, मुदत संपतेय. सगळ्या पोरांचं आहे म्हणून दडपून द्या. कोण विचारतंय?”

“सर, एका अंगणवाडीच्या बाईंनी दीड मिनिटात विचारलं. समितीत तीन माणसं आहेत.”

“समिती म्हणजे काय अंगणवाडी आहे का?”

“तेवढी कडक नसेल,” मी म्हटलं.

प्राचार्य हसले नाहीत. मी सरांकडे वळले. “प्रबंध तुमचा, सही तुमची. लिहिलंत तर समिती म्हणू शकते, जा, आणखी सहा महिने काम करा. तेवढी मुदत तुमच्याकडे नाही. नाही लिहिलंत तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी दोन्हीला तयार आहे असं मात्र नाही. न लिहिता मी सही करणार नाही.”

“मग मला विचारता कशाला?” गर्जे सर म्हणाले.

“रीत म्हणून.”

मग त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं : ‘हे निष्कर्ष हंगामानंतर शाळेत परतलेल्या मुलांपुरते आहेत. परतूनही शाळेत न आलेल्या मुलांशी मी बोललेलो नाही. ते काम राहिले आहे.’

“घरी जाऊन हिला काय सांगणार होतो?” ते म्हणाले. “संध्याकाळी विचारणारच, लिहिलं का म्हणून.”

पोर्टलने दोनदा फाइल नाकारली. तिसऱ्यांदा कळलं की फाइलच्या नावात मराठी अक्षरं चालत नाहीत. मराठी विषयाचा गोषवारा पाचला सात मिनिटं कमी असताना इंग्रजी नावाने चढला. पाचही प्रबंधांच्या मर्यादांच्या प्रकरणात एक पान वाढवावं लागणार होतं. सर गोणी उचलून गेले. फोल्डर माझ्याकडेच राहिलं.

शुक्रवारी समिती बसली. अध्यक्ष बाहेरच्या जिल्ह्यातले, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी गोषवारा उलटसुलट करून पाहिला.

“गर्जे, हा कुणी लिहून दिला?”

“बायकोनं,” सर म्हणाले.

प्राचार्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. मी डोळे मिटले.

“म्हणजे लिहिला मीच,” सर घाईने म्हणाले. “प्रश्न तिचे होते. उत्तरं माझी.”

“मला शंका आली, कारण हा कळतोय,” अध्यक्ष म्हणाले. “तीस वर्षांत असं झालेलं नाही. तुमची प्रत इकडे द्या आणि न बघता सांगा काय आहे यात.”

सरांनी सांगितलं. चार मिनिटं. पारूपाशी आले तेव्हा अध्यक्षांनी चष्मा खाली नाकावर घेतला. समितीतल्या एक बाई शिक्षणशास्त्राच्या. त्यांनी शेवटच्या परिच्छेदाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, “मी शाळेबाहेरच्या मुलांचंच विचारणार होते. मागच्या एका उमेदवाराला त्यावरच परत पाठवलंय. त्यांनी सगळ्या मुलांचा दावा केला होता. तुमचा दावा जेवढा आहे तेवढा पुरावा आहे. मला काही विचारायचं नाही.”

मी प्राचार्यांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

शेरा असा मिळाला : प्रबंध सादर करण्यास हरकत नाही. दुरुस्त्या दोन. एक, मर्यादांचं ते पान प्रबंधात घालणे. दोन, गोषवारा विद्यापीठाच्या नमुन्यानुसार ‘प्रस्तुत संशोधनात’ अशा शब्दांनी सुरू करणे.

“तेवढं घाला एका ठिकाणी,” अध्यक्ष जाताना म्हणाले. “नाही तर वरचे लोक मलाच विचारतील.”

गर्जे सरांनी तिथेच व्हरांड्यात उभं राहून घरी फोन लावला. बोलणं अर्ध्या मिनिटाचंच झालं. परत आले तेव्हा चेहरा पडलेला.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, बरं झालं. आता त्या राहिलेल्या पोरांकडं कधी जाताय?”

या सगळ्यातून मी शिकले ते थोडं कडू आहे. गोषवारा चांगला जमला की प्रबंधातली भोकं दिसायला लागतात. पुष्कळ लोक तो वाईट लिहितात, त्याचं कारण भाषा येत नाही हे नसावं. त्यांना भोकं कुठे आहेत ते ठाऊक असतं.

शनिवारी सकाळी नऊला दुसरी विद्यार्थिनी आली. अकोले तालुक्यातली, भातलावणीच्या गाण्यांवर काम करणारी, हुशार मुलगी. तिने सात पानांचा गोषवारा पुढे ठेवला. मी पहिला शब्द वाचला आणि पेनला टोपण लावलं.

“लग्न झालंय का तुझं?”

ती गांगरली. “नाही मॅडम. का?”

“घरी कोण असतं आत्ता?”

“आई. पण ती गोठ्यात असेल.”

“मोबाईल नेते का गोठ्यात?”

“नेते.”

“मग लाव. स्पीकरवर,” मी म्हटलं, आणि कोरा कागद पुढे ओढला.